सुपरहिरो कॉमिक्सचं परीक्षण कसं लिहावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीतून सुपरहिरो कॉमिक्सवर लिहायला लागल्यापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे मुंबई-ठाण्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींचे आहेत. काही प्रश्न लहानपणी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ वाचलेल्या आणि आता पुन्हा कॉमिक्स हातात घेतलेल्या मंडळींचे आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. तेच उत्तर दोनदा नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉमिक्स म्हणजे पोरांचं वाचन. त्याचं परीक्षण कसलं लिहायचं?

पोरांसाठी लिहिलेलं चांगलं आहे की भिकार, हेही कुणीतरी सांगायला हवंच. शिवाय सगळी कॉमिक्स पोरांसाठी नसतात. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला तेव्हा वाचक बहुतांशी मुलं होती. १९८६ मध्ये ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आणि ‘वॉचमेन’ एकाच वर्षी सुरू झाली, ती मात्र उघडउघड मोठ्यांसाठी होती.

माझ्यासाठी खरा मुद्दा वयाचा नाहीच. मराठी नाटकाचं परीक्षण लिहिताना आपण नेपथ्य कुणाचं, प्रकाशयोजना कुणाची, संगीत कुणाचं हे आवर्जून लिहितो. कॉमिक्सही अशाच चारपाच जणांच्या हातून घडतं. त्या हातांकडे नीट पाहिलं जावं आणि त्यांची नावं घेतली जावीत, यासाठी परीक्षण लिहायचं.

२. हजारो अंक आहेत. सुरुवात कुठून करू?

पहिल्या अंकापासून मुळीच नको. जी गोष्ट संपते ती घ्या. ‘बॅटमॅन: इयर वन’ ही ‘बॅटमॅन’ मासिकाच्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत १९८७ साली आली. लेखन फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली. एका संध्याकाळी वाचून होते आणि आधीचं काही माहीत असावं लागत नाही. ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ बारा अंकांत संपतं. कमला खान या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन मुलीची ‘मिस मार्व्हल’ २०१४ मध्ये सुरू झाली. जी. विलो विल्सनचं लेखन आणि एड्रियन अल्फोनाची चित्रं. घरी उशिरा पोचल्यावर काय होतं हे आपल्याकडच्या मुलींना त्यात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यापुढे जायचं तर नायकाचा माग काढू नका, चित्रकाराचा काढा. बॅटमॅन कंपनीचा आहे, तो दर महिन्याला कुणाच्याही हातात असू शकतो. पण मॅझुकेलीची रेघ मॅझुकेलीचीच असते. त्याने मिलरबरोबरच १९८६ मध्ये केलेली डेअरडेव्हिलची ‘बॉर्न अगेन’ ही मालिका ‘इयर वन’च्या शेजारी ठेवून वाचली, की एका वर्षात एका माणसाचं चित्र किती साधं आणि किती नेमकं होत गेलं ते दिसतं. दहा वेगवेगळे बॅटमॅन वाचून एवढं हाती लागणार नाही.

३. गोष्ट थोडक्यात सांगितली आणि आवडली की नाही ते लिहिलं. झालं ना परीक्षण?

नाही. मला येणाऱ्या दहातल्या आठ लेखांत गोष्टच असते, तीही शेवटपर्यंत. ‘चित्रंही सुंदर आहेत’ हे एक वाक्य शेवटी चिकटवलेलं असतं. ते वाक्य कुठल्याही कॉमिक्सला लावता येतं, म्हणून ते काहीच सांगत नाही.

गोष्टीला चारपाच वाक्यं पुरतात. बाकीची जागा ती पानावर कशी सांगितली आहे यासाठी ठेवा. उदाहरणार्थ, ‘ऑल-स्टार सुपरमॅन’चं पहिलं पान. सुपरमॅनचा जन्म सगळ्या जगाला पाठ आहे. लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार फ्रँक क्वाइटली यांनी तो चार चौकटींत आणि अवघ्या आठ शब्दांत आटोपला आहे. नष्ट होणारा ग्रह, हताश शास्त्रज्ञ, शेवटची आशा, प्रेमळ जोडपं. प्रत्येक चौकटीत दोन शब्द. इथे परीक्षकाने विचारायचं की असं का केलं असेल? वाचकाला माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगण्यात लेखक पानं घालवत नाही, आणि पहिल्याच पानावर सांगून टाकतो की या पुस्तकात चित्रं बोलणार आहेत. हे लिहिलंत की वाचकाला पुस्तकाबद्दल खरी माहिती मिळाली.

४. पण मला चित्रकलेतलं काही कळत नाही. चित्रांवर काय लिहू?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, म्हणून उत्तर लांब आहे.

चित्रं काढता येत नसली तरी चालतं. पाहता यायला हवं, आणि ते सवयीने येतं. अंक एकदा नेहमीसारखा वाचून काढा. दुसऱ्यांदा संवादाचा एकही फुगा न वाचता नुसती पानं उलटा. कोण कुठे उभं आहे, कोण घाबरलंय, वेळ दिवसाची आहे की रात्रीची, मार कुणी कुणाला दिला, हे शब्दांशिवाय कळतंय का? कळत नसेल तर तो चित्रकाराचा दोष आहे आणि तसं लिहायला हरकत नाही. कळत असेल तर कशामुळे कळतंय ते शोधा.

मग चौकटी मोजा. मोठी चौकट कुठे आली आणि का आली ते पाहा. चौकट म्हणजे वेळ. लहान लहान चौकटींनी वेळ तुटक आणि घाईचा होतो, आणि एकच मोठी चौकट आली की वाचक तिथे थांबतो.

याचं मला सापडलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण फेब्रुवारी १९६६ च्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ अंक ३३ मध्ये आहे. चित्रकार स्टीव्ह डिट्को. स्पायडरमॅन एका अजस्र यंत्राखाली अडकला आहे, छतातून पाणी गळतंय, आणि मे काकूचा जीव वाचवणारं औषध समोरच पडलंय पण हात पोचत नाही. डिट्को त्याला लहान, दाटीच्या चौकटींत कोंडतो. पाठ वाकलेली, चेहरा खाली, भोवती सगळीकडे लोखंड. तो प्रयत्न करतो, हरतो, पुन्हा करतो. वाचकालाही त्या चौकटींत श्वास घ्यायला जागा उरत नाही. आणि मग एक अख्खं पान, एकच चौकट, यंत्र खांद्यावरून वर उचललेलं. साठ वर्षं झाली तरी ते पान पाहताना अंगावर काटा येतो. त्या आधीची पानं इतकी कोंदट नसती तर हे एक पान एवढं मोठं वाटलं नसतं. परीक्षणात नेमकं हेच लिहायचं असतं.

उलट बाजूने ‘वॉचमेन’ पाहा. डेव्ह गिबन्सने जवळजवळ सगळं पुस्तक तीन ओळी आणि तीन रकाने अशा नऊ सारख्या चौकटींवर बेतलं आहे. त्या शिस्तीमुळे कुठे दोन चौकटी एक झाल्या की लगेच डोळ्यांत भरतं. पाचवा अंक तर आरशासारखा रचला आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं मधल्या जोडपानापर्यंत. तो अंक दोन्ही टोकांकडून एकदम उलटत पाहा. हातात कागद असेल तरच हे जमतं.

पान उलटण्याचाही हिशेब असतो. डाव्या पानाचा वरचा भाग पान उलटेपर्यंत दिसत नाही, म्हणून धक्का बहुतेक वेळा तिथे ठेवतात. धक्का उजव्या पानावर असेल तर वाचकाने तो डावीकडचा मजकूर वाचत असतानाच पाहिलेला असतो. पुष्कळ कॉमिक्स या साध्या गोष्टीत मार खातात.

५. पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं हे सगळं वेगवेगळी माणसं करतात? मग कुणाचं काय ते ओळखायचं कसं?

अमेरिकन मासिक अंकांत बहुधा हो. पेन्सिल करणारा रचना ठरवतो. शाई करणारा त्या रेघेला जाडी, सावली आणि वजन देतो. त्यावर रंग येतो आणि शेवटी फुगे आणि अक्षरं. प्रत्येकाचं नाव आतल्या पानावर छापलेलं असतं, ते उतरवून घ्या. ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ फ्रँक मिलरचं म्हणून ओळखलं जातं, पण त्यावर शाईचं काम क्लाउस जॅन्सनने केलं आहे आणि रंग लिन व्हार्लीचे आहेत. त्या पुस्तकातलं धुरकट, आजारी आकाश व्हार्लीचं आहे.

रंगाने किती फरक पडतो ते पाहायचं तर ‘द किलिंग जोक’ हे बॅटमॅनचं पुस्तक दोन आवृत्त्यांत पाहा. १९८८ च्या मूळ पुस्तकाचे रंग जॉन हिगिन्सचे. भडक, जांभळे-हिरवे-नारिंगी, जत्रेतल्या दिव्यांसारखे अंगावर येणारे. २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडने स्वतः सगळं नव्याने रंगवलं. रंग थंड झाले आणि जुन्या आठवणींची पानं जवळजवळ कृष्णधवल झाली, त्यात मोजक्याच लाल वस्तू. रेघा आणि शब्द जवळजवळ तसेच राहिले, तरी पुस्तकाची तब्येत बदलली. म्हणून कुठली आवृत्ती वाचली ते परीक्षणात नोंदवलंच पाहिजे.

अक्षरांकडे लोक सहसा पाहतच नाहीत. ‘इयर वन’मध्ये टॉड क्लाइनने ब्रूसचं, म्हणजे बॅटमॅनचं, मनोगत एका वळणात आणि पोलीस अधिकारी गॉर्डनचं दुसऱ्याच वळणात लिहिलं आहे. चौकट कुणाच्या मनातली आहे हे वाचायच्या आधीच कळतं. देवनागरीत आलेल्या कॉमिक्समध्ये तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा होतो. फुगा इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने काढलेला असतो, आणि आपल्याला वर-खाली मात्रा, उकारांसाठी जागा लागते. मग अक्षरं बारीक होतात, नाहीतर फुगा चित्रावर चढतो. मराठी आवृत्तीचं परीक्षण करत असाल तर हे जरूर पाहा.

६. ‘स्टॅन लीने स्पायडरमॅन निर्माण केला’ असं लिहिलं तर चुकलं का?

अर्धवट लिहिलं. ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ अंक १५ मध्ये स्पायडरमॅन आला तो लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को या दोघांचा. १९६१ च्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या बाबतीत ली आणि चित्रकार जॅक कर्बी ही दोन्ही नावं घ्यावी लागतात.

त्या काळात मार्व्हल या प्रकाशन कंपनीत कामाची पद्धत अशी होती की लेखक गोष्टीचा आराखडा सांगायचा, कधी दोन पानी टिपणात, कधी नुसता बोलून. चित्रकार त्यावरून वीस-बावीस पानं रचायचा. प्रसंग कुठे सुरू करायचा, किती ताणायचा, कुठल्या पानावर संपवायचा हे सगळं तो ठरवायचा. चित्रं झाल्यावर लेखक संवाद भरायचा. म्हणजे ज्याला आपण पटकथा म्हणतो तिचा मोठा भाग चित्रकाराच्या हातून झालेला असे. १९६५ पासून स्पायडरमॅनच्या अंकांत कथानकाचं श्रेय डिट्कोच्या नावावर छापलं जाऊ लागलं. प्रश्न ४ मधला यंत्राचा प्रसंग त्याच काळातला आहे. तो ‘स्टॅन लीने लिहिलेला अजरामर प्रसंग’ म्हणून कुणी मिरवला की मला मनापासून वाईट वाटतं.

श्रेयाच्या बाबतीत या धंद्याचा इतिहास चांगला नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर या सुपरमॅनच्या निर्मात्यांनी त्याचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले, आणि पुढे अनेक वर्षं सुपरमॅनच्या अंकांवर त्यांचं नावसुद्धा नव्हतं. १९७५ च्या सुमाराला चित्रकार नील ॲडम्स आणि इतरांनी आवाज उठवल्यावर त्यांना निवृत्तिवेतन आणि श्रेय मिळालं. बॅटमॅन १९३९ मध्ये आला. त्याच्या घडणीत बिल फिंगरचा मोठा वाटा होता, पण श्रेय एकट्या बॉब केनला मिळत राहिलं. फिंगर १९७४ मध्ये वारला आणि त्याचं नाव केनच्या नावाशेजारी अधिकृतपणे लागलं ते २०१५ मध्ये. कर्बीच्या वारसांशी मार्व्हलची तडजोड झाली ती २०१४ मध्ये. तोवर कर्बीला जाऊन वीस वर्षं झाली होती.

कंपनीने नाव छापायला इतकी वर्षं लावली. आपल्याला परीक्षणात ते लिहायला एक ओळ लागते. ती ओळ वगळू नका.

७. जुन्या अंकात नावंच छापलेली नाहीत. मग कुणाचं नाव लिहू?

आधी चित्रातच सही शोधा. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात किंवा पहिल्या मोठ्या चौकटीच्या तळाशी पुष्कळदा असते. इंद्रजालच्या मुखपृष्ठांवर गोविंद ब्राह्मणिया यांची सही सापडते. सही नसेल तर ‘श्रेय छापलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा. शैलीवरून अंदाज बांधायचा असेल तर तो अंदाज आहे असं म्हणा आणि कशावरून बांधला तेही सांगा: बोटं कशी काढली आहेत, सावली आडव्या रेघांनी दिली आहे की काळ्या डागाने. नाव ठोकून देऊ नका. एकदा चुकीचं नाव लागलं की ते दहा जण उतरवतात.

८. इंद्रजालचा वेताळ सुपरहिरो धरायचा का?

मी धरतो. वेताळ म्हणजे मूळचा ‘फँटम’. ली फॉकची ही वृत्तपत्रातली चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाबरोबरचा पोशाख, मुखवटा, गुप्त ठिकाण, शपथ, सगळं आहे. दैवी शक्ती नाही, पण ती बॅटमॅनकडेही नाही.

इंद्रजाल इथे मुंबईत टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमनने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी अशा आपल्या भाषांतही ते निघत असे. परीक्षण लिहिताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मूळ मालिका वर्तमानपत्रात रोज एका पट्टीत येत असे, आणि इंद्रजालने त्या पट्ट्या कापून पानाच्या मापात बसवल्या. त्यामुळे पानाच्या रचनेचं श्रेय किंवा दोष विल्सन मकॉय किंवा साय बॅरी या मूळ चित्रकारांना देता येत नाही. त्यांनी ते पान कधी पाहिलंच नव्हतं. रेघ त्यांची, पान इंद्रजालच्या कचेरीतलं. मूळ कथेतला बंगाला देशही इंद्रजालमध्ये देनकाली झाला होता.

‘बहादूर’ची गोष्ट वेगळी. तो १९७६ मध्ये इंद्रजालसाठीच तयार झाला. निर्माते आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया. ती पानं कॉमिक्स म्हणूनच रचलेली आहेत, तेव्हा तिथे प्रश्न ४ मधल्या सगळ्या कसोट्या लावा.

९. आपल्या कॉमिक्सला जरा सांभाळून घ्यावं का? बजेट कमी, कागद हलका...

नाही. सांभाळून घेणं म्हणजे त्या चित्रकाराला बरोबरीचा न मानणं. प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेसाठी केलेलं काम पाहा आणि मग १९८६ मध्ये सुरू झालेल्या राज कॉमिक्सच्या ‘नागराज’साठी त्यांनी काढलेले पहिले अंक पाहा. त्यांना सवलतीची गरज नाही. ‘सुपर कमांडो ध्रुव’ १९८७ मध्ये आला आणि अनुपम सिन्हा तो लिहीतही होते आणि काढतही होते. त्यामुळे तिथे मारामारीचा नकाशा आणि कथानक एकाच डोक्यातून आलेलं स्पष्ट जाणवतं.

कागद, छपाई आणि मुदत यांचा उल्लेख जरूर करा, पण कारण म्हणून. रंग बाहेर सांडले असतील तर तसं लिहा आणि ते छपाईत झालं की रंगवण्यात तेही पाहा. त्याबद्दल चित्रकाराला बोल लावणं अन्यायाचं, आणि चांगलं म्हणणं खोटं.

१०. डोगा आणि मुंबईतला स्पायडरमॅन वाचले. दोन्हींतली मुंबई खरी वाटली नाही. हे परीक्षणात लिहू का?

लिहा. इथे तुम्ही लंडन-न्यूयॉर्कच्या परीक्षकापेक्षा पुढे आहात. पण ‘अमुक चौक तिथे नाहीच’ असल्या चुकांची यादी करून थांबू नका. बॅटमॅनचं गोथम तरी कुठे आहे? कॉमिक्समधलं शहर खऱ्या शहराशी तंतोतंत जुळावं अशी अट नाही. त्या शहरातून गोष्टीला काही मिळालं का, हे पाहायचं.

राज कॉमिक्सचा डोगा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आला. कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदुका, आणि शहरात फिरायला गटारांचं जाळं. मुंबईत दर पावसाळ्यात गटारं आपल्याला जी आठवण करून देतात ती पाहता नायकाला जमिनीखालून फिरवण्याची कल्पना या शहराला शोभणारी आहे. चित्रकार मनू यांनी काढलेल्या पानांत ती जमिनीखालची जागा किती ठिकाणी खरोखर दाखवली आहे आणि किती ठिकाणी नुसती बोलण्यात येते, ते मोजा. तुमच्या परीक्षणाचा गाभा तिथे मिळेल.

‘स्पायडरमॅन: इंडिया’ २००४ मध्ये आली. चित्रं जीवन कांग यांची. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, पोशाखात धोतर आलं आणि किरणोत्सर्गी कोळ्याऐवजी योग्याने शक्ती दिली. माझं मत विचाराल तर धोतर चांगलं आहे. उडी मारताना ते चित्रात हालचाल देतं, अंगाबरोबरच्या पोशाखाला जे कधीच जमत नाही. पण स्पायडरमॅनचा जीव म्हणजे घरभाडं, परीक्षा आणि अपराधी भावना यांत अडकलेला मुलगा. शक्ती योगी आणि राक्षसांकडून आली की गोष्ट पुराणाकडे झुकते आणि भाड्याच्या खोलीतली काळजी मागे पडते. मुंबईत तर त्या काळजीला तोटा नाही. ही संधी हुकली असं मला वाटतं.

११. मुंबईत स्वस्तात कॉमिक्स कुठे मिळतात?

फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या आसपासचे फुटपाथवरचे पुस्तकवाले आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे. नव्या संग्रहित आवृत्त्यांसाठी फोर्टातलंच किताबखाना. जुनी मराठी इंद्रजाल मात्र मिळाली तर उपनगरातल्या रद्दीवाल्याकडेच, तीही ओळख ठेवली तर. ‘कॉमिक्स आली की बाजूला ठेवा’ असं सांगून ठेवा.

घेताना मधलं पान उघडा. पिना गंजलेल्या असतील तर त्यांच्याभोवती तपकिरी डाग पडलेला असतो आणि मधलं जोडपान सुटायला आलेलं असतं. पावसाळ्यात प्लास्टिकखाली झाकलेल्या गठ्ठ्यातले अंक ओलसर असतात. तो अंक घरी आणून बाकीच्यांत लगेच मिसळू नका, कसर पसरते. शेवटचं पान आहे याची खात्री करा. नेमकं तेच नसतं.

१२. मोबाइलवर फुकटचे स्कॅन मिळतात. त्यावरून लिहिलं तर?

नको. ज्यांच्या श्रमांवर तुम्ही लिहिताय त्यांना त्यातून काहीच मिळत नाही, हे पहिलं. शिवाय कुणीतरी कुठल्या तरी प्रतीवरून केलेल्या स्कॅनचे रंग भरवशाचे नसतात. विकतच्या डिजिटल प्रतीतही एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते, ती परीक्षणासाठी वापरू नका. प्रश्न ४ मध्ये म्हटलेलं सगळं पूर्ण पान एकदम दिसण्यावर उभं आहे. टॅब्लेट आडवा धरून जोडपानं पाहा.

१३. शेवट सांगायचा की नाही?

नव्या अंकाचा सांगू नका. जुन्याचा, मुद्दा त्यावाचून मांडता येत नसेल तर सांगा, पण वरच इशारा द्या. स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू जून १९७३ चा आहे. तो सगळ्यांना माहीत आहे असं आपल्याला वाटतं. पण तिथे निर्मात्यांनी अंकाचं शीर्षक पहिल्या पानावर न छापता शेवटच्या पानावर छापलं, कारण शीर्षकातच तो मृत्यू होता. लेखक जेरी कॉनवे आणि चित्रकार गिल केन यांनी जे एवढं जपलं ते आपणही पहिल्या परिच्छेदात फोडू नये.

१४. मालिकेत मध्येच चित्रकार बदलला. संग्रहाचं परीक्षण कसं करू?

मासिक मुदतीमुळे हे सतत होतं. कुठला अंक कुणाचा ते आधी लिहून काढा आणि प्रत्येकाबद्दल वेगळं लिहा, सरसकट ‘चित्रं बरी’ नको. बदल कुठे जाणवला तेही सांगा. कधी तो खड्ड्यासारखा लागतो, कधी रंग करणारा तोच असल्यामुळे पुस्तक सांधलेलं राहतं. असं झालं असेल तर श्रेय त्या रंगकाराला द्या (प्रश्न ५ पाहा).

१५. बायकांची चित्रं पाहून वाचवत नाही. हे लिहिलं तर ‘उगाच वाद’ म्हणतात.

म्हणू द्या. हा चित्रकलेचाच दोष आहे आणि तसाच लिहायचा. बोलणाऱ्या बाईचा चेहरा चौकटीबाहेर आणि कंबर चौकटीत असेल तर ती काय बोलतेय ते वाचकाला कळत नाही. कणा मोडल्याशिवाय जमणार नाही अशा पवित्र्यात ती लढत असेल तर मारामारीच पटत नाही. पानाचं नाव घेऊन, चौकट दाखवून लिहा.

कथेच्या बाजूने पाहायचं तर १९९९ मध्ये कॉमिक्स लेखिका गेल सिमोन यांनी एक यादी केली: नायकाला दुःख व्हावं किंवा राग यावा एवढ्यासाठी मारलेल्या, छळलेल्या, शक्ती गमावलेल्या स्त्रियांची. ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ हे यादीचं नाव १९९४ च्या ‘ग्रीन लँटर्न’ अंक ५४ वरून आलं, ज्यात नायकाला त्याची मैत्रीण फ्रिजमध्ये मेलेली सापडते. ‘द किलिंग जोक’मध्ये पोलीस अधिकारी गॉर्डनची मुलगी बार्बरा हिला गोळी लागते तिथेही हेच विचारा: तिचं काय झालं यात पुस्तकाला रस आहे, की फक्त तिच्या वडिलांचं काय झालं यात? बोलंडच्या रेघेचं कौतुक आणि ही तक्रार एकाच परीक्षणात राहू शकतात. ठेवाच.

१६. परीक्षणाबरोबर कॉमिक्सचं पान छापू शकतो का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा आहे. मी एखादं पान किंवा दोनतीन चौकटी वापरतो, तेही मजकुरात त्यांच्यावर प्रत्यक्ष बोललो असेन तरच. खाली लेखक, चित्रकार, शाई, रंग, अक्षरं, प्रकाशक आणि वर्ष. शेवटचं पान छापत नाही. शोभेसाठी लावलेलं चित्र या मुभेत बसेल यावर विसंबू नका. वाद व्हायची शक्यता असेल तर वकिलाला विचारा.

१७. चित्रकार ओळखीचा आहे, पुस्तकही त्यानेच भेट दिलं. आता वाईट कसं लिहू?

ओळख आणि भेट, दोन्ही परीक्षणाच्या सुरुवातीलाच सांगा. मुंबईत कॉमिक्स करणारी आणि वाचणारी माणसं थोडी आहेत, कधी ना कधी सगळ्यांची गाठ पडते, त्यामुळे हे टळणार नाही. अगदी जवळचा मित्र असेल तर लिहू नका, दुसऱ्या कुणाला तरी लिहायला द्या. नुसती ओळख असेल तर लिहा, आणि दोष दाखवताना पान क्रमांक द्या. ‘पान १२ वर दोघांचे फुगे उलट क्रमाने वाचले जातात, त्यामुळे उत्तर प्रश्नाच्या आधी येतं’ असं लिहिलेलं चित्रकाराला पुढच्या पुस्तकात उपयोगी पडतं. ‘मांडणी विस्कळीत’ एवढंच लिहिलं तर त्याचं मन तेवढं दुखावतं, हाती काही लागत नाही. आणि भेट आलेलं पुस्तक आवडलं, तर दुसरी प्रत विकत घेऊन कुणाला तरी द्या.